जीनगराची गौर

आम्ही जीनगर. घोड्याच्या पाठीवर काय बसवायचं ते आम्ही बघतो. कोणाला बसवायचं ते पेशवे बघतात. माझ्या आज्यानं खोगिरं शिवली, बापानं शिवली, आणि चाळिशी गाठेपर्यंत मीही तेच केलं. मला एक खोड मात्र होती. कातड्यावर रिकामी जागा दिसली की हात शिवशिवायचा, आणि मी तिथं पोपट काढायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, "दत्तोबा, पोपट कोणी मागितला होता?" मी म्हणायचो, "मागून असे पोपट मिळत नाहीत." पुण्यात असं उत्तर दिलं की माणूस पुन्हा त्याच दुकानात येतो, भांडण पुढं चालवायला.

असाच एक पोपट शुक्रवार पेठेत सर्जेरावांच्या वाड्यावर गेला. सर्जेराव रणात वाघ होते. घरात मात्र आईसाहेबांना, म्हणजे आपल्या मातोश्रींना, विचारल्याशिवाय ते पागोटंही बदलत नसत. आईसाहेबांनी खोगीर पाहिलं आणि मला बोलावणं पाठवलं.

"आमच्या गौरींचे मुखवटे उंदरांनी खाल्ले," त्या म्हणाल्या. "लेकाच्या वाहनानं आईचं नाक कुरतडलं. नवे करायचे आहेत. पोपट जमतो, गौर जमेल का?"

"जमेल की."

"लवकर हो म्हणालास. जमली तर नव्या दिवाणखान्याची भिंत तुझी, हवं ते रंगव. नाही जमली तर खोगीर आहेच."

भिंत! पंधरा हात लांब, चुन्याची, कोरी. माझा आनंद मला सांगता येणार नाही. आयुष्यभर घोड्याच्या पाठीएवढ्या जागेत पोपट कोंबले होते मी. या भिंतीसाठी मी उंदराचीसुद्धा मूर्ती केली असती.

शाडू आणला, भिजवला, मळला आणि ज्येष्ठेचा चेहरा घडवायला घेतला. संध्याकाळपर्यंत घोडी तयार झाली. लांब जबडा, फुगलेल्या नाकपुड्या. मोडून पुन्हा केला, पुन्हा घोडी. तिसऱ्या वेळी तर ती खिंकाळेल असं वाटलं. माझी बायको सोजरबाई दारात उभी राहून बघत होती.

"हिला नैवेद्य पुरणाचा दाखवायचा," तिनं विचारलं, "की हरभऱ्यांचा?"

दोष माझा नव्हता. पंचवीस वर्षं मी माणसं कमी आणि घोडी जास्त न्याहाळली होती. कुंभारवाड्यात साचा मागायला गेलो, तर "जीनगराला साचा कशाला? खोगीर बसवणार का गौरीवर?" असं ऐकून परत आलो. म्हणजे समोर खरा चेहरा हवा. पण पुण्यात परक्या बाईच्या तोंडाकडे टक लावून बघणं हा हाडं मोडून घेण्याचा सगळ्यात सोपा उपाय आहे. उरल्या घरातल्या दोघी.

सोजरबाईचा चेहरा मला पाठ होता, त्यामुळे धाकटी गौर, कनिष्ठा, तिच्यावरून सहज उतरली. अडली ती ज्येष्ठा. आणि घरात ज्येष्ठ अशी एकच बाई होती. बायडाबाई, माझी सासू.

ही वाघोलीहून आठ दिवसांसाठी म्हणून आली होती, त्याला तीन वर्षं झाली. जावयाच्या घरी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा तिचा नेम. म्हणून ती ताक प्यायची. दिवसभर ओसरीवर खांबाला टेकून बसायची आणि माझ्या हातून जे जे घडे त्यावर मत द्यायची. तोवर मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं.

आमच्या धंद्यात आधी माप, मग काम. घोड्याची पाठ कातडी वादीनं मोजतात. दुपारी सासूबाईंचा डोळा लागलेला पाहून मी वादी घेऊन हळूच पुढं सरकलो आणि हनुवटीपासून कपाळापर्यंत माप घेतलं. ते बरोबर आलं. कानापासून कानापर्यंत घेत होतो, तेवढ्यात एक डोळा उघडला.

"जावईबापू, गळा मापताय का आवळताय?"

"माशी बसली होती."

"वादीनं माशा मारत्यात व्हय पुण्यात?"

पण माप मिळालं होतं. पुढचे चार दिवस मी खोगीर शिवायचं सोंग करून तिच्याकडे चोरून बघत बसलो. हनुवटीवर एक खळगी होती, ती मला माहीतच नव्हती. डावी भुवई उजवीपेक्षा जराशी वर. ओठ घट्ट मिटलेले, आणि सगळ्या चेहऱ्यावर एकच भाव: "एवढंच?" तो भाव मी मुखवट्यावरून पुसायचा फार प्रयत्न केला. तो गेला की चेहराही जायचा आणि घोडी परत यायची. शेवटी राहू दिला.

मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी रंगवून उघडतात. तसे मी ते उघडले. मग कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं, नाकात नथ घातली आणि मागं सरून पाहिलं. बायडाबाईला वैधव्य येऊन वीस वर्षं झाली होती. मी कोणाच्या कपाळाला कुंकू लावलं होतं?

सोजरबाई आली. मुखवटा बघून खाली बसली. "आई," एवढंच म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. मग तिनं विचारलं, "दोन दिवसांत दुसरी होईल?"

"होईल. घोडी."

"मग हीच जाऊ द्या. पण आईला कळू देऊ नका. वाड्यात तर मुळीच नको. विधवेच्या तोंडाची गौर म्हटल्यावर भिंत राहिली बाजूला, आपल्याला पेठेत राहू देणार नाहीत."

मी म्हणालो, "कळतंय कशाला? वीस वर्षांत तिनं आरसा पाहिलेला नाही. स्वतःला कशी ओळखेल?" हे बोलताना मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, हे आता सांगायला लाज वाटते.

पूजेच्या दिवशी विडा घ्यायला मला आणि जेवायला सवाष्ण म्हणून सोजरबाईला वाड्यात बोलावणं होतं. सासूबाईंना मी बजावलं, "ऊन फार आहे, घरीच थांबा." त्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला आणि आभाळाकडे पाहिलं. भाद्रपदातलं आभाळ ते. उन्हाचा पत्ता नव्हता.

वाड्यात दोन्ही गौरी शालू नेसून उभ्या होत्या. बायका दर्शनाला येत, हसत हसत पुढं जात, आणि ज्येष्ठेसमोर पोचल्या की हसू आवरून पदर सारखा करत. सर्जेरावांची थोरली सून निरांजन घेऊन उभी राहिली. ज्येष्ठेनं तिच्याकडे "एवढंच?" असं पाहिलं. सून घुटमळली.

"नैवेद्याच्या भाज्या पंधराच झाल्यात," ती आपणहून म्हणाली. "सोळावी विसरले. आत्ता करते," आणि स्वयंपाकघराकडे पळाली. धाकट्या सुनेनं नमस्कार केला तो बराच वेळ चालला. उठली ती तडक जावेकडे गेली आणि तिची दडवून ठेवलेली पैठणी परत देऊन आली. स्वतः सर्जेराव रुबाबात आले आणि गौरीपुढं पागोटं नीट करून कोपऱ्यात उभे राहिले. आईसाहेब एका बाजूच्या खांबाशी उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्याही विधवाच. अशा कार्यात विधवांनी पुढं यायचं नाही, खांबाआडून बघायचं, हा रिवाज.

तेवढ्यात बायडाबाई आली. "जावयानं काय दिवे लावलेत ते बघाया आले," असं दारातल्या हुजऱ्याला सांगून ती आत शिरली, आणि रिवाजाप्रमाणे बरोबर खांबापाशी जाऊन उभी राहिली. आईसाहेबांच्या शेजारी.

सोजरबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

आईसाहेबांनी नुसती मान वळवली. बायडाबाईकडे पाहिलं, ज्येष्ठेकडे पाहिलं, पुन्हा बायडाबाईकडे पाहिलं. "दत्तोबा," त्या म्हणाल्या, "या कोण?"

"सासूबाई आहेत माझ्या."

"आणि ती?" त्यांनी गौरीकडे बोट केलं.

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण ज्येष्ठा माझ्याकडेच बघत होती. "त्याही," मी म्हणालो. "आईसाहेब, मला दुसरं तोंड येत नाही हो. बाकीची सगळी घोडी होतात."

थोरली सून स्वयंपाकघराच्या दारातून कुजबुजली, "अगं बाई, विधवेचं तोंड गौरीला?"

भिंत गेली, असं मला स्वच्छ दिसलं. पंधरा हात, चुन्याची, कोरी.

"विधवेचं तोंड निराळं असतं का गं?" आईसाहेबांनी विचारलं. "माझं तर होतं तेच आहे." मग माझ्याकडे वळल्या. "सकाळपासून या घरात सोळावी भाजी झाली, पैठणी परत गेली आणि सर्जेराव कोपऱ्यात गप्प उभे राहिले. मला तीस वर्षांत हे जमलं नाही. मुखवटा बदलायचा नाही. आणि दत्तोबा, भिंत तुझी. पोपट मात्र एकच."

एरवी मी पोपटांवरून वाद घातला असता. पण माझं लक्ष बायडाबाईकडे होतं. ती गौरीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो "एवढंच?" कुठं तरी नाहीसा झाला होता. डोळे भरले होते. तीन वर्षं या बाईला मी फक्त ताकाचा खर्च समजत आलो होतो. मला फार वाईट वाटलं. आता ती ओरडेल, रडेल, मला शिव्या घालेल, आणि घातल्या तर बरंच, असं वाटत होतं.

"जावईबापू," ती हळू आवाजात म्हणाली, "नथ खाली आलीया. माझी जरा वर बसायची."

आईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस ना? वर घे."

मी चौरंगावर चढलो आणि नथ वर सरकवली. वळून पाहिलं, तर बायडाबाईनं स्वतःच्या नाकाला बोट लावलं होतं आणि ती जागा आठवत होती.

"आणखी थोडी," ती म्हणाली.