सव्वाशे घरांची भट्टी

"हे रोट हायती का कोळसं?" तूदानं फळीच कट्ट्यावर आदळली. "तीस वर्सं झाली मी तुझ्या भट्टीवर कणीक आणतीया, बा हद्दू. कधी एक तरी करपला व्हता का? बोल की! तोंडात गूळ धरलायस व्हय?"

लांब दांड्याचं लाकडी फावडं भिंतीला टेकवून हद्दू खाली मान घालून उभा राहिला. तूदाच्या चार रोटांच्या कडा काळ्या ठिक्कर पडल्या होत्या. तिच्या घरची दोन अंगठ्यांची खूणसुद्धा जळून गेली होती.

त्या डोंगरातल्या गावात प्रत्येक घराच्या रोटावर अशी आपली खूण असते. कुणी काट्यानं टोचतं, कुणी किल्ली दाबतं, कुणी नुसती बोटं उमटवतं. भट्टीत सगळे एकत्र जातात, पण हद्दूनं आजवर कुणाचा रोट कुणाला दिला नव्हता आणि कुणाचा करपवलाही नव्हता. म्हणून तर तूदाला एवढा संताप आला. पण त्याचा चेहरा बघितला आणि बाईचा आवाज एकदम खाली आला.

"इत्तोला बरं न्हाई का?"

"रातभर डोळा न्हाई लागला तिचा," हद्दू म्हणाला. "पोटाला हात लावू देत न्हाई. माजं ध्यान न्हवतं, तूदा. माजा रोट घिऊन जा तू. तिला काय आता खाणं जात न्हाई."

तूदानं काळे रोट गुपचूप फडक्यात बांधले. "ऱ्हाऊ दे. कडा काढून खाईन," म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत निघून गेली. गावभर कुणाला न सोडणारी बाई ती, पण त्या दिवशी भांडण तिनं तिथंच सोडलं.

हद्दूच्या बायकोच्या, इत्तोच्या पोटात गाठ होती. शहरातल्या मोठ्या दवाखान्यानं ती कापायची तारीखही दिली होती. दोघं पहाटेच्या गाडीनं गेली, इत्तो फाटकाशी ओट्यावर बसली, आणि खिडकीतल्या बाईनं हद्दूचं कार्ड परत सरकवलं.

"हे गरिबाचं कार्ड बंद झालं, चाचा. आता तुम्ही धंदेवाले."

कायदा नवा होता. भट्टीवाला, न्हावी, चांभार, लोहार, जो कुणी स्वतःच्या हातावर पोट भरतो तो आता छोटा व्यावसायिक, आणि त्याला विम्याचं संरक्षण. ऐकायला झकास. ज्याची ऐपत नाही त्याचा हप्ता सरकार भरणार, ज्याची आहे त्यानं आपला आपण भरायचा, आणि थकले असतील तेवढे सगळे आधी भरायचे. मग दवाखाना. ऐपत कुणाला किती, ते घराधंद्याची माहिती यंत्रात घालून निघणाऱ्या एका आकड्यावर ठरायचं. हद्दूचा आकडा वर गेला होता.

तो वर कसा गेला, हे हद्दूला तिथं खिडकीपाशीच उमगलं.

मागल्या उन्हाळ्यात कचेरीतला एक तरणा साहेब हातात पाटीएवढं यंत्र घेऊन भट्टीवर आला होता. चांगला पोरगा, बोलायला गोड. "काय बा हद्दू, धंदा कसा चाललाय? किती घरं येतात भाजायला?"

आणि हद्दूनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "अल्लाची मेहेर हाय, साहेब. बरकत हाय. सव्वाशे घरं येत्यात. अख्खं गाव माज्या भट्टीवर जेवतंय."

घरोघरी गॅस आल्यापासून यायची ती अकरा घरं. तीही म्हातारीकोतारी. पण त्या मुलखात कुणी पोटापाण्याचं विचारलं, तर कमी आहे असं कुणीच म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर त्याचा अपमान. हद्दूचा बाप तेच सांगायचा, आजा तेच सांगायचा. विचारणाराही ते ऐकून पुढं जातो, ते खरं धरून बसत नाही. या पोरानं मात्र बोट टेकवलं आणि सव्वाशे लिहून घेतले.

मुकद्दम बासू, म्हणजे गावातला सरकारचा माणूस, त्यानं आकडा पुन्हा तपासायचा अर्ज खरडून दिला, आणि काही दिवसांनी तोच सांगत आला. "फेरतपासणी लागलीया बघ. बेस्तरवारी तोच साहेब येतोय. आता तरी खरं बोल, गाढवा! म्हण, माज्यापाशी काय न्हाई. चार येळा म्हण."

"म्हनंन की."

"अन् भट्टी पेटवू नगंस. धूर बघितला की संपलं."

हे तूदाच्या कानावर गेलं, मग काय! तिनं अकराही घरं पालथी घातली. "बेस्तरवारी जर का कुणी कणीक घिऊन फिरकली, तर माज्याशी गाठ हाय," असं बजावून आली.

भट्टीचीच एक भिंत हद्दूच्या घराची भिंत होती. इत्तोचं अंथरूण त्या भिंतीला लागून. तीस हिवाळे ती भिंत कधी गार पडली नव्हती. बेस्तरवारी पडली. बाहेर डोंगरावरून बोचरं वारं सुटलेलं, चिखल गोठून दगड झालेला, आणि इत्तो भिंतीला पाठ लावून कुडकुडत पडलेली. हद्दूनं आपला लोकरी झगा काढून तिच्यावर घातला.

"आजच्या दिस कळ काढ. तू उठू नगंस. काय बोलू नगंस. कण्हली तरी चालंल."

इत्तो हसली. "कण्हाय काय, आपसूकच येतंय."

साहेब आला. हद्दू थंड भट्टीसमोर अंगातल्या सदऱ्यानिशी उभा. मागं बासू आणि चार माणसं. साहेबानं तेच विचारलं. हद्दूच्या तोंडात तेच शब्द येत होते, बरकत हाय, मेहेर हाय. बासूनं मागून त्याला ढोसलं.

"न्हाई, साहेब," हद्दू म्हणाला. "सव्वाशे न्हाईत. अकरा. अकरासुदीक रोज न्हाईत. माज्यापाशी काय न्हाई." मग त्यानं हात जोडले. "कायबी न्हाई, साहेब. मी मागल्या टायमाला खोटं बोललो."

सत्तरीला आलेला माणूस पोराएवढ्या साहेबापुढं हात जोडून रडायला लागला. बघणाऱ्यांनी माना फिरवल्या. साहेबाचाही चेहरा उतरला. "असू द्या, असू द्या. होईल काम. फक्त घर एकदा बघावं लागतं," तो म्हणाला. हद्दूला वाटलं, सुटलो.

दार उघडलं तर इत्तो उभी! डोक्याला धुतला रुमाल, डोळ्यांत सुरमा. चहाचं भांडं चुलीवर उकळत होतं. आणि चटईवर तबक मांडलेलं. पेटीच्या तळाला ईदेसाठी जपलेला मध, लोण्याची वाटी, मूठभर बदाम. घरात होतं नव्हतं ते सगळं.

"या, साहेब. थंडीचं आलाय, बसा," म्हणाली. तिच्या कपाळावर घाम डवरला होता.

साहेब अवघडून बसला. "आजी, घर कसं चालतं तुमचं? काही कमी पडतं का?"

हद्दू तिच्याकडं डोळे फाडून बघत होता. तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही.

"ह्या मानसाच्या घरात मला कधी काय कमी पडलं न्हाई, साहेब. अल्लाची मेहेर हाय."

साहेबाचं बोट यंत्रावर थांबलं. "आजी, नीट विचार करून सांगा."

"त्यात इचार कसला? मध घ्या की. डोंगरातला हाय."

साहेब गेल्यावर हद्दू फुटला. "काय केलंस हे तू? चार मानसांत मी माजी इज्जत काढून ठेवली, अन् तू मध वाढत बसलीस? तुज्यासाठीच केलं ना मी समदं?"

इत्तो अंथरुणावर कोसळली होती. भिंतीवर हात फिरवत ती म्हणाली, "भिंत एकच हाय आपली. समदं ऐकलं म्या. तू हात जोडलंस, व्हय ना? तुला रडाय लावून मिळालेलं जगणं मला नगं. अन् खोटं काय बोलले मी? सांग, कवा उपाशी ठिवलंस मला?"

हद्दू उठला, भट्टीवर गेला आणि जैतुनाची पेंड टाकून त्यानं जाळ केला. एकही रोट नव्हता भाजायला. नुसती भिंत तापवली.

अर्जाचं उत्तर आलं. आकडा तोच. बासू तो कागद घेऊन दाराशी आला आणि तसाच, कागद न देता परत फिरला. हद्दूनं खिडकीतून बघितलं आणि समजायचं ते समजला. आकडा ठरला म्हणून गाठ काही थांबणार नव्हती. डोंगरावरचं बर्फ वितळायच्या आधी इत्तो गेली.

तिसऱ्या दिवशी मयताच्या जेवणाचे रोट भाजायचे होते. हद्दूनं भट्टी पेटवली आणि वर बघितलं तर बोळात तूदा, डोक्यावर फळी. तिच्या मागं दुसरी, मागं तिसरी. ज्यांच्या घरी गॅस होता त्याही, ज्यांनी दहा वर्षांत भट्टीचं तोंड बघितलं नव्हतं त्याही. रांग पार ओढ्यापर्यंत. काट्याची खूण, किल्लीची खूण, बोटांची खूण. हद्दू एकेक फावड्यावर घेत होता, आत सारत होता. दुपारपर्यंत सव्वाशे घरांचे रोट झाले. साहेबाला सांगितलेला आकडा त्या दिवशी खरा झाला.

इत्तोची खूण तीन बोटांची. ती काही आली नाही. ठाऊक असूनही तो प्रत्येक फळीवर शोधत होता.

"कसा हायस रं, बा हद्दू?" तूदानं विचारलं.

सवयीनं त्याचा हात छातीवर गेला. बरकत हाय, असं म्हणायला तोंड उघडलं. पण हात खाली आला.

"काय न्हाई ऱ्हायलं, तूदा," तो म्हणाला. आज कुणी लिहून घ्यायला नव्हतं.