तोंडी परीक्षा

किर्गिझस्तानातल्या अत-बाशी गावच्या शाळेत बुरूलचाताई इंग्रजी शिकवत. खरं म्हणजे चार पर्यायांतून एकावर खूण कशी करायची, ते शिकवत, कारण परीक्षाच तशी होती. पोरं नियम घडाघडा म्हणायची, पण वर्गात इंग्रजी कुणाच्या तोंडून फुटलं नव्हतं. त्या वर्षी वरून हुकूम आला की आता प्रत्येकानं दोन मिनिटं बोलूनही दाखवायचं.

ताईंनी पुस्तकं मिटायला लावली आणि विषय देऊन एकेकाला उभं केलं. एल्दियारनं 'हॉर्स'च्या जागी 'हाउस' म्हणून आपल्या घराला चार पाय लावले, मग आठवडाभर जो तो त्याला विचारी, "काय रे, घर चरायला गेलं का?"

मग सायकाल उठली. दोन वर्षांमागं कुरणावरून उतरताना तिचा बाप हिमवादळात गेला होता. पोरगी एकटीच कळप घेऊन घरी आली. बाप वाटेत मागं राहिला असेल, असं गावानं धरलं. तिनं त्यावर चकार शब्द काढला नव्हता. विषय निघाला 'एक प्रवास'. ताई तो बदलणार, तोच ती मोडक्या इंग्रजीत बोलू लागली.

"बर्फ येतो. बाबा बसतो. म्हणतो, मी झोप. मला माहीत, ती झोप नाही. मी माझा कोट देते. त्याचा हात धरते. मेंढ्या घाबरतात, म्हणून मी गाणं म्हणते. सकाळ येते. मेंढ्या सगळ्या आहेत."

चुका टिपायला उघडलेलं लाल पेन ताईंच्या हातात तसंच राहिलं. सहा वर्षं ही मुलगी समोर बसत होती. परीक्षेनं जे विचारलं नाही, ते आपणही कधी विचारलं नाही, हे ताईंना तेव्हा उमगलं.

शाळा सुटल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आजच कसं सांगितलंस गं?"

"आपल्या भाषेत सांगायला गेलं की रडू येतं, ताई. इंग्रजीत रडण्याइतके शब्दच नाहीत माझ्याकडे." मग खाली बघत म्हणाली, "आईला तुम्ही सांगाल?"

ताई तिच्या घरी गेल्या आणि एकेक वाक्य किर्गिझमध्ये सांगितलं. चहा ओतणारा आईचा हात थांबला.

"म्हणजे ते एकटे नव्हते," एवढंच ती म्हणाली, आणि तिनं लेकीला जवळ ओढलं.

परीक्षेत काळांच्या चुकांपायी सायकालचे गुण कापले गेले; पास तेवढी झाली. ताई मात्र पुढं कुणी बोलायला उठलं की पेन मिटून ठेवत आणि श्वास रोखून ऐकत.