ड्रमावरची परात आणि बिस्किटांचं घर

मी एक जुनी पितळी परात आहे, मित्रांनो. ‘जुनी’ म्हणायची रीत आहे म्हणून म्हटलं. चिंच लावून घासा आणि मग बोला.

शिक्षण म्हणाल, तर माझ्या काठावर कोरलेली अक्षरं तेवढी मला येतात. ‘सौ. प्रेमिला हिस आईकडून.’ भंडाऱ्याच्या कासारानं मला ठोकून ठोकून गोल केलं आणि भिवापूरच्या मांडवात मी पहिल्यांदा लोकांपुढे आले. नवरदेव रुपरावांचे पाय माझ्यातच धुतले. माणसाची ओळख मला अशी पावलांपासून झाली. टाचा भेगाळलेल्या होत्या, बाकी माणूस बरा होता.

प्रेमिलेबरोबर मी कोराडीच्या कॉलनीत आले. रुपराव वीजकेंद्रात कामाला होते. आमच्या क्वार्टरच्या खिडकीतून केंद्राच्या धूर सोडणाऱ्या उंच चिमण्या दिसत. होळीचं पुरण, दिवाळीचा चिवडा, पाहुण्यांची कणीक, सगळं माझ्याच अंगावर. उन्हाळ्यात भिवापूरची मिरची माझ्यात वाळायची. माझी जीभ थोडी तिखट असेल, तर तिला मी काय करू?

मग सून आली, मिनल. गुणाची पोर, पण मनगट नाजूक. तिनं कणकेसाठी स्टीलचं हलकं भांडं आणलं आणि मला अंगणातल्या पाण्याच्या ड्रमावर झाकण म्हणून ठेवलं. पाण्यात चिमण्यांची कोळशाची राख पडू नये म्हणून. ज्या परातीत नवरदेवानं पाय ठेवले, तिच्यात आता कावळा पाय ठेवू लागला.

प्रेमिला गप्प बसणारी नव्हती. “वं मिनल, माह्या मायनं देल्ली परात तू ड्रमावर काहून ठेवली?”

“आई, लय जड आहे ती. ज्या दिवशी तिच्यावाचून अडन, त्या दिवशी आणतो घरात.”

मित्रांनो, त्या दिवसापासून मी घरात काही अडायची वाट पाहू लागले. पण त्या घरात काही अडेचना. पोळ्या होत, पाहुणे जेवत, आणि मी बाहेर.

नाताळ आला तेव्हा मात्र अडलं. मिनलची मुलगी दामिनी कॉलनीतल्या बालवाडीत जाते. तिथल्या रितिका मॅडम नागपूरहून येतात. त्यांनी ठरवलं, की मुलांकडून आल्याच्या बिस्किटांचं घर करून घ्यायचं, दुपारी पालकांना दाखवायचं आणि फोटो शाळेच्या नागपूरच्या मोठ्या बाईंना पाठवायचा. बेकरीतून भिंती आल्या, छप्पर आलं, साखरेचं पांढरं आयसिंग आलं. पण एवढं घर मावेल असं ताट शाळेत कुठलं? दामिनी म्हणाली, आमच्या ड्रमावर आहे.

तर अशी मी शाळेत गेले. प्रेमिलेनं मला स्वतः घासलं. परातीला एकटीला पाठवणार नाही म्हणाली आणि बरोबर निघाली. मला उचलायला मिनल. तिघींत शाळेचा अनुभव मिनलला तेवढा होता. प्रेमिला दुसरीत असताना म्हशींमागे लागली ती लागली.

मुलांनी माझ्यात भिंती उभ्या केल्या. आयसिंग भिंतींपेक्षा हातांना जास्त लागलं. कुणी गोळ्यांची खिडकी केली, कुणी ती खिडकी खाल्ली. शेवटी मॅडमनी वरून पिठीसाखर भुरभुरली आणि विचारलं, हे काय पडतंय, ओळखा पाहू.

“राख,” सगळी पोरं एका सुरात म्हणाली.

मॅडमनी सांगितलं, की हा बर्फ आहे. पोरांनी खिडकीबाहेर पाहिलं, छपराकडे पाहिलं, आणि मॅडमची समजूत घालावी तसं दामिनी म्हणाली, “मॅडम, राखच आहे. आता दोरीवरचे कपडे उचलून घ्या लागते.”

पुढे आली चिमणी. मॅडमनी बोटाएवढा बिस्किटाचा तुकडा छपराला चिकटवला. यातून सांताक्लॉज उतरतो म्हणाल्या. पोरं हसून लोळली. एवढ्या चिमणीतून? चिमणी घरापेक्षा मोठी असते, लाल-पांढरी असते, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. मॅडमनी पुस्तकातलं चित्र दाखवलं. पोरांनी खिडकी दाखवली.

मॅडमनी पुस्तक मिटलं. गोल बिस्किटं एकावर एक चढू लागली. मधेमधे लाल गोळ्यांचे पट्टे. घराएवढी चिमणी झाली तेव्हा मॅडम म्हणाल्या, आता बस. ते प्रेमिलेला लागलं.

“बस काहून? आमच्या यायनं, दामिनीच्या आज्यानं, उभा जन्म त्या चिमणीच्या पायाशी काढला. अजून चढवा रे पोरांनो.”

आणि मी? मीही मनात म्हटलं, चढवा. जेवढी चिमणी उंच, तेवढा माझा मान मोठा. मोठा मान मिळाला, तर ड्रम सुटलाच.

पोरांनी चढवली. चिमणी थोडी झुकली. तिनं छपराकडे पाहिलं, छपरानं तिच्याकडे, आणि दोघं मिळून भिंतींवर बसली.

एक कणही माझ्या काठाबाहेर गेला नाही, हे मी मुद्दाम सांगते. सपाट ताट असतं तर सगळं जमिनीवर असतं. पण ते बघायला कुणाला शुद्ध होती? पोरांनी एकदम भोकाड पसरलं. मॅडमचे डोळे भरले. पालक यायची वेळ झाली होती. मिनल माझ्याकडे बघत होती आणि मला ड्रम दिसत होता.

प्रेमिला मात्र पोरांवर डाफरली. “पोळी मोडली तर आपण रडतो का? मलिदा करतो. मिनल, घरून तूप आण.”

मिनल धावत गेली, धावत आली. प्रेमिलेचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून हात धुऊन मिनलच माझ्यापुढे बसली. पडलेल्या घराचा चुरा केला, तूप घातलं, मळायला घेतलं. सगळी पोरं भोवती कोंडाळं करून, आणि मला धरायला कुणी नाही. मिनलनं जोर लावला. मी जागची हलले नाही. तिनं आणखी जोर लावला. मी बसल्याजागी बसून होते.

मिनल थबकली. सासूकडे पाहून म्हणाली, “आई, ही सरकत नाही.”

“सरकन कशी? तुह्या स्टीलच्या भांड्यासारखी ओट्यावर नाचते का ती?”

पोरांच्या हातात एकेक लाडू आला. त्यांनी तो खाल्ला नाही. दामिनीनं आपला लाडू माझ्या मधोमध ठेवला, दुसऱ्यानं त्याच्या शेजारी, तिसऱ्यानं वर. पालक आले तेव्हा माझ्यात लाडवांची चिमणी उभी होती, खाली रुंद आणि वर निमुळती. मॅडमनी फोटो काढला. लाडू वाटून संपल्यावर मोठ्या बाईंचा निरोप आला, की घर कुठे आहे? मॅडमनी कळवलं, पोटात.

संध्याकाळी मिनलनं मला घरी आणून गरम पाण्यात भिजवलं. चिकटलेली साखर सुटली, शेवटची लाल गोळी निघाली. तिनं मला पुसलं, उचललं आणि अंगणाकडे निघाली. मी काळीज घट्ट केलं. ड्रमापाशी ती थांबली, तर त्याच्यावर रुपरावांनी आधीच लाकडी फळी ठेवलेली. आम्ही शाळेत असताना कावळा उघड्या ड्रमात चोच घालायला आला, त्यानंच सुचवलं म्हणे.

मिनल फळीकडे पाहत राहिली. मग परत फिरली, मला ओट्यावर ठेवलं, आणि माझ्यात पीठ घेतलं. घरच्यांपुरतंच. माझ्या एका कडेला मावेल एवढं. पण मी काही बोलले नाही, आणि हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

तर मित्रांनो, घरातलं जड भांडं उचलताना कुरकुर करा, पण त्याचं झाकण करू नका. चिंचेनं घासा, तारेच्या घासणीनं नको. आणि चिमणी हवी तेवढी उंच बांधा, फक्त खाली माझ्यासारखं कुणीतरी रुंद बसलेलं असू द्या.