कोणीही हसायचं नाही

कानमामांना लग्नाचे फोटो काढायला सांगणं म्हणजे पोस्टमनला प्रेमपत्र लिहायला बसवणं. उभ्या गावाचे पासपोर्टचे फोटो मामांनी काढले होते. बोळाएवढं दुकान, पांढरा पडदा, समोर स्टूल आणि प्रत्येकाला तोच पाढा: "मान सरळ, हनुवटी वर, कान दिसू द्या, हसायचं नाही." त्या कानांपायीच हे नाव पडलं होतं. कोणी हसलंच तर मामांचं बोट बटणावरून आपोआप उठायचं. हसरा फोटो सरकारी खिडकीवरून परत येतो आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन शिव्या घालतं, हे त्यांनी पुरेपूर भोगलं होतं.

पण ताईचा हुकूम सुटला. ताई म्हणजे मामांची थोरली बहीण, नवरीची आई. "घरात फोटोवाला असताना बाहेरचा कशाला?" झालं! ताईपुढे मामांची डाळ लहानपणीही कधी शिजली नव्हती.

लग्न डोंगरातल्या एका तळ्याकाठी. माणसं मोजकी, देखावा मात्र असा की आंधळ्याने कॅमेरा फिरवला तरी कॅलेंडर निघावं.

निघायच्या आधी भाचीने मामांना बाजूला घेतलं. "मामा, माझे फोटो कसेही येऊ दे. नवऱ्याचं डोकं कापलं गेलं तरी चालेल. पण आईचा एक हसतानाचा हवा. बाबांचा एकही नाही रे."

भावजी जाऊन वर्ष झालं होतं. सदा खिदळणारा माणूस, पण कॅमेरा दिसला की पळायचा. धड असा एकच फोटो, तोही मामांनी काढलेला, आणि तोच मोठा करून भिंतीवर लागला होता. दोन्ही कान स्पष्ट, चेहरा कर्ज नाकारणाऱ्या मॅनेजरसारखा. "असे बघतात, जशी मी नापासच झालेय," भाची म्हणाली.

मामांना ते फार लागलं. त्या दिवशी भावजी स्टुलावर बसून हसत सुटले होते आणि दारात उभी राहून ताई त्यांना आणखी हसवत होती. मामांनी दोघांना झापलं होतं, भावजींचं हसू पार जिरेपर्यंत वाट पाहिली होती आणि मगच बटण दाबलं होतं. वर चांगला आला म्हणून मिरवलंही होतं. भावजी गेल्यापासून ताई हसली ती फक्त तोंडदेखलं.

लग्नाच्या सकाळी मामा पोहोचले ते काखोटीला पांढरी चादर मारूनच. दोन झाडांमध्ये ती ताणून बांधली आणि अख्खं तळं झाकून टाकलं.

"अहो, एवढ्या लांब आलो ते चादर बघायला?" विहीणबाई कडाडल्या.

"मागे गडबड नको," मामा म्हणाले. "तळं कुठे पळून जातंय?"

शेवटी नवरीनेच चादरीच्या गाठी सोडल्या. सह्या झाल्या, अंगठ्या झाल्या, जेवणं झाली. मामा आपले ताईच्या मागे मागे. कॅमेरा वर गेला की ताई शाळेतल्या मुलीसारखी ताठ व्हायची.

"हस ना, ताई."

"हसतेय की."

दात दिसत होते, पण दाताच्या डॉक्टरला दाखवल्यासारखे. मामांनी त्यांना येणारा एकुलता एक विनोद सांगून पाहिला. तो त्यांना ताईनेच सांगितलेला होता. जावयाने माकडचेष्टा करून पाहिल्या, त्यावर त्याची आईच तेवढी चिडली. ऊन उतरायला लागलं तरी ताईचा हसरा फोटो एकही नव्हता.

शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो. मंडळी तळ्याकाठच्या खडकांवर उभी राहिली. वारा सुटलेला, कोणी इकडे बघतंय, कोणी तिकडे, विहीणबाई गॉगल लावून. मामांचा धीर सुटला आणि इतक्या वर्षांचा पाढा तोंडातून धडाधड बाहेर पडला.

"मान सरळ! हनुवटी वर! कान दिसू द्या! विहीणबाई, चष्मा काढा! आणि कोणीही हसायचं नाही!"

लग्नाच्या फोटोत हसायचं नाही?

ताईच्या घशातून एक विचित्र आवाज आला. "अरे, हेच... अगदी हेच सांगितलं होतंस ना त्यांना!" आणि ती फुटलीच. लेकीचा खांदा धरून, पोट दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

आणि मामांचं बोट बटणावरून उठलं.

"ताई, हसू नकोस..." ते बोलूनही गेले. ताई खडकावर बसूनच हसायला लागली.

"मामा, दाब!" भाची जिवाच्या आकांताने ओरडली.

मामांना स्वतःच्या बोटाचा असा संताप आला की त्यांनी ते बटणावर रोवलं आणि ताईला ठसका लागेपर्यंत उचललं नाही.

फोटो आला तो असा: ताईचे डोळे मिटलेले, मान वाकडी, एक कान केसांत, दुसरा लेकीच्या ओढणीआड. तळं इतकं तिरकं की पाणी आता विहीणबाईंवर सांडणार. जगातल्या कुठल्याही खिडकीवरून परत आला असता. मामांनी तो मोठा केला, स्वतः फ्रेम बसवली, ताईच्या घरी नेला आणि भावजींच्या शेजारी खिळ्याची जागा शोधू लागले.

"शेजारी नको, समोर लाव," ताई म्हणाली.

मामांनी मुकाट्याने स्टूल उचललं आणि समोरच्या भिंतीत खिळा ठोकला. ताई मधोमध उभी राहून एकदा या भिंतीकडे, एकदा त्या भिंतीकडे बघत राहिली.

"मी हसायला लागले की त्यांना कधी गप्प राहता यायचं नाही," ती म्हणाली. "बघू आता, किती दिवस तोंड आवळून बसतात."