बोंबलगाडी

पार्कवाल्यांनी त्या गाडीला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण पार्कच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत तिला सगळे बोंबलगाडीच म्हणत. रुळांवरून उंच चढून ती खाली कोसळायची आणि आतली माणसं जिवाच्या आकांताने ओरडायची. वर पैसे मोजून ओरडायची, आता बोला! गल्लीला त्याचं काही नव्हतं. गाडी खाली आली की बोलणारा वाक्याच्या मध्येच थांबे, आणि ओरडा ओसरला की तिथूनच पुढे सुरू करी. परगावी लग्नाला गेले तरी गल्लीचे लोक असेच मधे मधे गप्प होत, आणि यजमान घाबरत, की आपलं काही चुकलं की काय. मोठ्याने बोलायची खोड होती ती वेगळीच.

सूनबाईला मात्र या सगळ्याचं हसू येईनासं झालं होतं. सासरे उठता-बसता त्याच नावाने हाका मारत, म्हणून सगळी गल्लीच तिला सूनबाई म्हणे. नवरा ट्रकवर, कधीतरी उगवणार. ती स्वतः पार्कच्या धुलाईघरात. पोरांना हसवायला माणसं अस्वलाचा आणि सशाचा पोशाख घालून उन्हात नाचत. तो घामाने थबथबलेला पोशाख उलटा करायचा, धुवायचा, पिळायचा. ओलं अस्वल उचलून बघा एकदा, कंबरेचा काटा ढिला होतो. ती घरी यायची तेव्हा बोलायचंसुद्धा त्राण उरलेलं नसे.

आणि दिवसभर घरात सासरे एकटे. गेल्या वर्षी ते मोरीत घसरून पडले. मोबाइल उशाशी आणि माणूस मोरीत, काय उपयोग? "अहो, कोणीतरी या हो!" म्हणून ओरडत राहिले. समोरच्या दारात शिलाईमावशी मशीनवर बसली होती. तिच्या कानावर आवाज आला, पण तिला वाटलं, बोंबलगाडी. सूनबाई कामावरून आली तोवर म्हाताऱ्याचा आवाज पार बसला होता आणि मांडीचं हाड मोडलेलं. तेव्हापासून मावशी तिच्याशी नजर मिळवत नव्हती. पण दोष तरी कुणाला द्यायचा? सूनबाईसुद्धा त्या ओरडण्याकडे कधी लक्ष देत नव्हतीच की.

नणंद येऊन निक्षून सांगून गेली, "वहिनी, तुमची चूक नाही. पण पुन्हा असं झालं तर मी बाबांना वृद्धाश्रमात नेणार. तिथे हाकेला माणूस तरी असतं."

ती गेल्यावर सासरे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाई, मला नको गं पाठवूस."

नोकरी सोडावी तर खायचं काय, आणि न सोडावी तर म्हातारा एकटा. इकडे आड, तिकडे विहीर.

अशात पार्क वाढवायचं निघालं. पलीकडचं पडीक रान पार्कने घेतलं होतं. बांधकामाच्या गाड्या जायला गल्लीशिवाय वाट नव्हती, म्हणून गल्लीची संमती हवी होती. पार्कच्या मॅडमनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं आणि पडद्यावर चित्रं दाखवली. नव्या नोकऱ्या काय, पक्का रस्ता काय, भिंतीलगत दुकानांची रांग काय! शेवटी त्यांनी विचारलं, "आणखी काही मागणी?"

"फुकट पास!" कोणीतरी म्हणालं.

"घरबसल्या फुकट ऐकतोय, ते कमी आहे का?" गल्लीतला चहावाला म्हणाला, आणि हशा पिकला.

सूनबाई मागे खांबाला टेकून पेंगत होती. ती कंबर धरून उठली. "ती गाडी पलीकडच्या रानात न्या."

"नवी गाडी तिकडेच होणार आहे," मॅडम म्हणाल्या. "जुनी इथेच राहील."

"जुनीसुद्धा न्या. आमच्या घरात माणूस ओरडला तर कुणाला कळत नाही."

चहावाला उसळला. "अगं, गाडी गेली की पार्कचा दरवाजा तिकडे जाईल, आणि गिऱ्हाईकही! आमच्या पोटावर पाय देतेस होय?"

भांडायलाही अंगात बळ लागतं. ती पुन्हा खांबाला टेकली.

तेव्हा शिलाईमावशी उठली. "मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "ते ओरडत होते आणि मी बाही जोडत होते. उद्या तू पडशील ना चहावाल्या, तेव्हाही मी बाहीच जोडत बसेन. चालेल तुला?"

चहावाल्याने बराच वेळ डोकं खाजवलं. मग तोच म्हणाला, "मॅडम, तिकडच्या दरवाजाशी आम्हाला टपऱ्या द्या, आणि न्या बाबा ती बया."

"वर विचारून सांगते," मॅडम म्हणाल्या. वर गेलेलं काही खाली येत नाही, बोंबलगाडी सोडून, हे गल्लीला पक्कं ठाऊक होतं. पण गल्लीही हटून बसली. वाट मिळेना तेव्हा पार्कने मुकाट मान्य केलं.

जुनी गाडी सुटी करून नेली, त्यानंतरची पहिलीच दुपार. सूनबाई ससा पिळत होती, तेवढ्यात चहावाल्याचा फोन आला. "आधी घरी ये!" पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. साबणाच्या हातांनीच धावत सुटली. संपलं सगळं. एवढा आटापिटा केला आणि आता नणंद त्यांना नेणारच. धावता धावता तिने देवालाही सोडलं नाही, चार शब्द सुनावले.

दाराशी ही गर्दी. आत सासरे कॉटवर बसून चहा पीत होते, चांगले धडधाकट.

"अगं, मी मावशीशी बोलत होतो," चहावाला सांगू लागला. "आमचे आवाज तुला माहीतच आहेत, आमच्या बोलण्यात कुणाचं काय ऐकू येणार? पण सवयीने दोघंही मधेच गप्प झालो! गाडी नाही हे ध्यानातच नाही. आणि तेवढ्यात यांची हाक आली. अख्खी गल्ली पळाली गं!"

मावशी कॉटच्या पायथ्याशी होती, हातात अर्धवट जोडलेली बाही तशीच.

"पण झालं काय होतं?" सूनबाईने सासऱ्यांना विचारलं.

"काही नाही."

"मग ओरडलात कशाला? माझा जीव गेला असता ना!"

म्हाताऱ्याने कपातच बघत सांगितलं, "म्हटलं बघावं, कोणी येतं का."

खूप बोलावंसं वाटत होतं तिला. पण ती मोरीच्या उंबऱ्यावर बसली आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. मावशी तिच्याजवळ येऊन बसली, आणि कितीतरी दिवसांनी तिने सूनबाईच्या डोळ्यांत पाहिलं.

"रडतेस काय," सासरे म्हणाले. "फोन लाव तुझ्या नणंदेला. म्हणावं, इथेही हाकेला माणूस आहे."