तोफेवर कोण होतं?

सुयोगने टेबलावरचं क्रोशाचं कव्हर एका कोपऱ्यातून उचललं आणि वाकून आत बघितलं.

“हे काय लपवून ठेवलंय?”

“मी नाही लपवलं, आईने झाकलंय,” अक्षता म्हणाली. “बघायला आलेल्या लोकांना कॉम्प्युटरपेक्षा कव्हर बरं दिसतं म्हणे.”

तो हसला. गेल्या पाऊण तासात पहिल्यांदाच. बाहेरच्या खोलीत पोहे खाताना तो असा काही बसला होता की अक्षताला वाटलं, याला कोणीतरी दटावून आणलंय. एका बाजूला त्याची आई वसुधाबाई, दुसऱ्या बाजूला मामा, आणि समोर अक्षताचे आईबाबा, प्रेमा आणि काशीराम. मालाडहून मुलुंडला यायला किती वेळ लागला यावर बोलून झालं, देवगडचं घर कोण बघतं यावर बोलून झालं, आणि मग मामांनी ठरलेलं वाक्य टाकलं, “दोघांना जरा बोलू दे की आत जाऊन.” रीत अशी की दार अर्धं उघडं ठेवायचं आणि पोरांनी पलंगाच्या दोन टोकांना बसून एकमेकांना पगार आणि आवडीनिवडी विचारायच्या. अक्षता एकोणतीस वर्षांची होती. तिची उत्तरं तोंडपाठ झाली होती.

पण हा पठ्ठ्या काही विचारेचना. त्याने कव्हर अख्खं काढलं, नीट घडी घालून बाजूला ठेवलं आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या छोट्या यानाच्या स्टिकरवर बोट ठेवलं.

“तुम्ही हा गेम खेळता?”

“तुम्हाला माहितीये?”

“माहितीये म्हणजे काय! लावा ना.”

अक्षताने दाराकडे बघितलं. मग म्हटलं, जाऊ दे, असाही नकार येतो आणि तसाही. तिने मशीन चालू केलं.

खेळ साधा नाही. आत शिरलं की समोर अख्खं आकाश मोकळं. एक यान घ्यायचं आणि वाटेल तिकडे जायचं. माल वाहा, व्यापार करा, चाच्यांशी लढा, नाहीतर नुसते भटकत बसा, कोणी विचारणार नाही. ऑफिसातून दमून आल्यावर अक्षताला तेवढंच हवं असायचं. पडद्यावर तिचं यान आलं, तसं सुयोगने त्याच्या अंगावरचं नाव मोठ्याने वाचलं.

“सातेरी कृपा! अहो, हे तर आमच्याकडच्या होडीवर असतं.”

“माझ्या आजोबांची होडीच होती. मिलमध्ये यायच्या आधी. तुमच्या यानाचं नाव काय?”

“माझं मित्राकडे आहे. म्हणजे मी त्याच्याकडे जाऊन खेळतो.” त्याने आवाज बारीक केला. “बारावीत मार्क कमी पडले तेव्हा आईने शपथ घातली होती. तिला वाटतं मी सोडलं.”

“अहो, बारावीला किती वर्षं झाली!”

“झाली ना,” तो ओशाळून म्हणाला. अक्षताला हसू आलं. आईला घाबरणारा तिशीचा माणूस तिला त्या क्षणी गोडच वाटला, खोटं कशाला बोला.

सातेरी कृपाला दोघं लागतात. एकाने यान चालवायचं, दुसऱ्याने मागची तोफ सांभाळायची. अक्षता कायम एकटीच खेळायची, त्यामुळे तोफ आपली रिकामी. आज तिने कपाटातून दुसरा कंट्रोलर काढला आणि त्याच्या हातात दिला. तेवढ्यात मदतीची हाक आली. एक मालवाहू जहाज इंजिन बंद पडून अडकलं होतं, आणि त्याला लुटायला चाचे निघाले होते. अक्षताने “येतो” असं कळवलं.

आधी दोन आले. सुयोगने दोघांनाही उडवलं. मग चार आले. मग किती आले ते मोजायला वेळ कोणाला होता! अक्षता यान गर्रकन वळवत होती आणि सुयोग पलंगाच्या अगदी काठावर येऊन ओरडत होता.

“डावीकडे घे! डावीकडे! अगं खालून येतोय तो, वर काढ, वर! हाण साल्याला!”

अहो-जाहो केव्हा गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. त्याचे कान लाल झाले होते, नीट विंचरलेले केस कपाळावर आले होते. अक्षताही ओरडत होती. तिच्या खोलीत आजवर कोणी असं दंगा करत बसलं नव्हतं, आणि तिला फार म्हणजे फार बरं वाटत होतं.

यानाचा एक पंख गेला.

“निघूया यार,” ती म्हणाली. “वाट लागेल. हे यान मिळवायला मी वर्ष घालवलंय.”

“निघूया काय? येतो म्हणून सांगितलंय ना आपण त्यांना?” त्याने पडद्यावरची नजर काढली नाही. “ते आपल्या भरवशावर थांबलेत. तू चालव. मी आहे मागे.”

त्या एका बोलण्यावर अक्षताने मनातल्या मनात हो म्हणून टाकलं. इतक्या जणांनी इतके पोहे खाऊन जे जमवलं नव्हतं, ते या बाबाने तिच्याकडे न बघताच जमवलं.

दार पूर्ण उघडलं. वसुधाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

सुयोगने कंट्रोलर पलंगावर टाकला. टाकला तो टाकला, वर उशीखाली सारला. केस मागे केले आणि उठून उभा राहिला.

“मी नाही हं,” तो म्हणाला. “ही खेळत होती. मी नुसता बघत होतो.”

वसुधाबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं ते विझलं. “हो का?” त्या म्हणाल्या. “बरं. चहा टाकलाय, या बाहेर.”

अक्षता अजून यान चालवत होती. मागची तोफ गप्प होती. चाचे मागून आले, आणि आधी मालवाहू जहाज गेलं, मग सातेरी कृपा. तिने मशीन बंद केलं. सुयोगकडे बघायची तिला इच्छा झाली नाही.

बाहेर मामांनी रीतसर विचारलं, “मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे हो.” अक्षता म्हणाली, “नाही, काही नाही.” सुयोग बशीतल्या चहाकडे बघत होता. निघताना वसुधाबाईंनी तिचा हात हातात घेतला, काही बोलायला म्हणून तोंड उघडलं, आणि नुसतंच “येतो हं” म्हणाल्या. अक्षताला वाटलं, झालं, आपली परीक्षा झाली. गेम खेळणारी सून कोणाला हवी असते!

दार लागल्यावर काशीराम सोफ्यावर टेकले. “मुलगा बरा वाटला मला. काय कळवू?”

“नाही म्हणून कळवा, बाबा.”

“का गं?”

आता हे कसं सांगायचं? त्याने कंट्रोलर उशीखाली सारला, हे काय लग्न मोडायचं कारण झालं? तिने रिकामे कप गोळा केले, आणि कप उचलता उचलता तिला रडू फुटलं.

“खोटं बोलला तो आईशी. माझ्यासमोर. मी बाजूला बसलेली असताना. तोफ तो चालवत होता, बाबा, आणि म्हणे मी नुसता बघत होतो! उद्या मलाही असंच टाकून उभा राहील.”

प्रेमा स्वयंपाकघराच्या दारात आली. “तुमका काय वाटला, भायर आयकाक येना नाय?” ती म्हणाली. तिला काही मनाला लागलं की मालवणी बाहेर यायची. “भिंती कसल्या आहेत आपल्या, माहीत नाही तुला? ‘हाण साल्याला’पर्यंत सगळं ऐकलं गो आम्ही.”

अक्षताने कप खाली ठेवले. “त्याच्या आईनेसुद्धा?”

“तिनेच तर सगळ्यांना गप्प केलं. मामा काहीतरी बोलत होते, त्यांना म्हणाली, थांबा जरा, ऐकू दे. काय हसत होती! म्हणाली, याचे बाबा गेल्यापासून आमच्या घरात एवढा आवाज कधी झाला नाही हो. मी बघून येते कसा दिसतोय तो. आणि उठून आत गेली ती.” प्रेमाने पदराने हात पुसले. “परत आली ती गप्पच होती.”

अक्षता गॅलरीत गेली. तिसऱ्या मजल्यावरून सोसायटीचं फाटक दिसत होतं. मामा पुढे होऊन रिक्षा अडवत होते. मागे वसुधाबाई आणि सुयोग, दोघांच्या मध्ये एक माणूस सहज मावेल एवढं अंतर ठेवून, दोन वेगळ्या दिशांना बघत उभे होते. एक रिक्षा थांबली.

आता ओरडलं तर सगळी बिल्डिंग ऐकणार होती. पलीकडच्या विंगच्या वनमालाकाकू तर आधीपासूनच खिडकीत होत्या.

“काकू!” अक्षता खाली वसुधाबाईंकडे बघून ओरडली. “तो खोटं बोलला! तोफ तोच चालवत होता!”

मागून प्रेमाने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. खाली दोघांनीही वर बघितलं. सुयोगचा चेहरा पांढराफटक पडला होता. वसुधाबाईंनी डोळ्यांवर आडवा हात धरून गॅलरी शोधली.

“माहितीये गं मला!” त्या खालून तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या. “चांगला चालवत होता ना?”

सुयोग आईकडे बघतच राहिला. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, बसताय की जाऊ.