चादरींच्या कप्प्यातला महागडा लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या आयुष्यातली पहिली दीड वर्षं मी नुसता पडून जुना झालो, हे आधीच कबूल करतो.

माझी जात उंची. अंग धातूचं, पडदा लख्ख. दुकानात माझ्या शेजारी माझ्या एकतृतीयांश किमतीचे लॅपटॉप मांडले होते. पत्रं लिहायला आणि हिशोब करायला तेही पुरेसे होते, उगाच का खोटं बोलू? पण मला घ्यायला आलेल्या घरातली थोरली लेक, जिला सगळे ताई म्हणतात, इमारतींचे नकाशे काढायची. तिचा जुना संगणक, घरातलं त्याचं नाव खटारा, एक भिंत सरकवायला चहा उकळेपर्यंत वेळ घ्यायचा.

ताईचे बाबा नुकतेच बसचालकाच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. सोबत आलेला मामा कुजबुजला, "दाजी, सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेतं का? साधा घ्या."

बाबा म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. लेकीला एक तरी चांगली वस्तू घेऊ दे."

घरी आलो आणि माझी किंमतच माझ्या मुळावर आली. बाबांनी मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. पडद्यावरचा प्लास्टिकचा पापुद्रासुद्धा काढू दिला नाही. आईने मऊ पिशवी शिवली आणि मी कपाटात, नव्या चादरींच्या कप्प्यात जाऊन बसलो. पाहुणे आले की बाहेर यायचो. ते किंमत विचारायचे, "बापरे" म्हणायचे, मी पुन्हा आत. ताईने मागितलं की बाबांचं ठरलेलं उत्तर होतं, "मोठं काम येऊ दे, मग काढू." मामा तिला चिडवायचा, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!" ताई हसायची आणि खटाऱ्यापुढे बसायची.

मग मोठं काम आलं. एका वाचनालयाचा नकाशा सोमवारी दुपारी बाराच्या आत पाठवायचा होता. पसंत पडला असता, तर ताईचं स्वतःच्या नावावरचं ते पहिलं काम ठरलं असतं. सोमवारी सकाळी दहा वाजता खटाऱ्याने मान टाकली. नकाशा पेनड्राइव्हवर होता, थोडंच काम राहिलं होतं. बाबा धावत कपाटाशी गेले.

मी चालूच होईना. महिनोन्‌महिने चार्जिंग नसल्याने बॅटरी मेली होती. वायर लावून बऱ्याच वेळाने जागा झालो, तर साचलेले सगळे अपडेट एकदम मागू लागलो. नकाशांचं सॉफ्टवेअर तर माझ्यात कोणी घातलंच नव्हतं. ताई पडद्यावर सरकणारी टक्केवारी बघत बसली. मला फार लाज वाटली.

नकाशा गेला तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. फोनवर वाचनालयाचा कारकून म्हणाला, "मुदत संपली, मॅडम. आता घेता येणार नाही."

बाबा मग म्हणाले, "पोरी, मी वस्तू आणली, पण तुला दिलीच नाही गं." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो पापुद्रा सोलून काढला.

बॅटरी बदलून मी ताईच्या टेबलावर आलो, त्याला आता सात वर्षं झाली. माझ्या कळांवरची अक्षरं पुसली गेली आहेत, एक कोपरा चेपला आहे. मी महाग होतो का, असं तुम्ही विचाराल. कपाटात होतो तेव्हा माझ्याइतकं महाग काहीच नव्हतं. नंतर रोज थोडा थोडा स्वस्त होत गेलो.

वाचनालय दुसऱ्याच कोणाच्या नकाशाने उभं राहिलं. त्याच्या जिन्यात भरदिवसा दिवा लावावा लागतो. ताईने तिथे मोठी खिडकी काढली होती. म्हणून सांगतो मित्रांनो, वस्तू जपा, पण कामाला लावून जपा.